सुतार, वायरमन आणि शेख मॅडम

आमच्या क्लासात बायॉलॉजी शिकवणाऱ्या शेख मॅडमना माणसाच्या शरीराविषयी काडीचा आदर नव्हता. पुस्तकात त्याला निसर्गाची अद्भुत रचना वगैरे म्हणतात. मॅडम म्हणायच्या, "अद्भुत कसली? टेंडरचं काम हाय. मूत्रपिंडं दोन दिली अन्‌ लिव्हर एकच. डोळ्याची नस डोळ्याच्या मधूनच बाहेर काढली, म्हणून तेवढ्या जागेत आपल्याला काहीच दिसत न्हाई. असं वायरिंग माझ्या घरात कुणी केलं असतं तर मी त्याला शिडीवरून उतरू दिलं नसतं." पोरं हसायची आणि डोळ्यातला तो आंधळा ठिपका जन्मात विसरायची नाहीत. आज त्यातली निम्मी डॉक्टर आहेत.

मी त्याच क्लासात फिजिक्स शिकवायचो. मूळचा लोह्याचा, तोंडानं फटकळ, आणि लातुरात आलो तेव्हा आपल्याहून फटकळ कुणी नसणार अशा भ्रमात. मॅडमनी तो पहिल्याच आठवड्यात उतरवला. दारात उभं राहून पाच मिनिटं माझं शिकवणं ऐकलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जाधव सर, तुम्ही शिकवून राहिलेत का दम देऊन राहिलेत?" त्या देगलूरच्या. घरात उर्दू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळं रागवायला त्यांच्याकडं भरपूर माल होता. पण त्या शिवी द्यायच्या नाहीत, नावं ठेवायच्या. मला त्यांनी 'करंट' केलं. क्लासचे मालक 'हायकमांड' झाले. त्यांचे मिस्टर रशीदभाई लातूरच्या गोलाईतल्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे. त्यांना मॅडम 'एक डोळा' म्हणायच्या, आणि तो सज्जन माणूस त्या हाकेला ओ द्यायचा.

भूकंप झाला त्या वर्षी आमचा क्लास नुकता कुठं नावारूपाला येत होता. किल्लारीकडची गावंच्या गावं मातीत गेली आणि लातुरात स्लॅबखाली बसायला कुणी तयार होईना. पण बारावीची परीक्षा काही कुणासाठी थांबत नाही. मालकांनी मैदानात मांडव घातला, लग्नातल्या सतरंज्या अंथरल्या, कनातीला फळा टेकवला आणि क्लास सुरू. लग्नाच्या मांडवात पुनरुत्पादनाचा धडा घ्यायला मिळाला म्हणून मॅडमना कोण आनंद. मात्र शिकवता शिकवता त्या मधेच थांबायच्या, फळ्याची कड धरायच्या आणि विचारायच्या, "हललं का?" बस्स, दोनशे पोरं चपला तिथंच टाकून रस्त्यावर. असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा काहीसुद्धा हललं नव्हतं. शेवटी मालक हात जोडून म्हणाले, "मॅडम, भूकंप जाहीर करायचं काम सरकारचं हाय. तुम्ही पेशीविभाजन घ्या."

त्याच दिवसांत त्यांचं लाल शाईवरून भांडण झालं. पेपर तपासायला आणलेली लाल रिफिल त्यांना फिकट दिसायची. दुकानदारानं तीनदा बदलून दिली. चौथ्यांदा मॅडम दुकानात उभ्या राहून म्हणाल्या, "ह्याला लाल म्हणतात का? ही तर जुन्या विटेचा रंग हाय." रशीदभाईंनी भिंग लावून कागद पाहिला आणि हळूच सांगितलं की शाई लालच आहे. मग मॅडमनी एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्या डोळ्यानं लालभडक, डाव्यानं वीट. डोळा फिरवला की आत दुखायचंसुद्धा. ज्याला दाखवलं त्यानं भूकंपाचा धसका असं निदान केलं. त्या वर्षी लातुरात सगळ्यांना तोच आजार होता. दोन महिन्यांत रंगही परत आले आणि जमीनही हलायची थांबली. सगळ्या गावालाच जमीन हलल्यासारखी वाटत होती, त्यात एका बाईची आतून हलत होती हे कुणाच्या लक्षात येणार? माझ्याही आलं नाही.

पुढं क्लास वाढत गेला. मांडवातून पत्र्याच्या शेडमध्ये, शेडमधून तीन मजली इमारतीत. चौकाचौकात मेरिटवाल्या पोरांचे फोटो लागले. नांदेडची, परभणीची, पार आदिलाबादची पोरं लातुरात खोल्या घेऊन राहू लागली. आणि एक कायदा आला, जो कुठं लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता: एका क्लासात असताना दुसऱ्या क्लासचं नाव काढायचं नाही. पोरं तर दोन्हीकडं जायची. फिजिक्स इथं, केमिस्ट्री तिथं. पण तिथल्या नोट्सवर इथलं कव्हर चढवून यायची. सापडलं की मालक पोराला समोर उभं करून विचारायचे, "आमच्यावर विश्वास न्हाई का?" त्यानंतर त्या पोराच्या शंकांना कुणी उत्तर देत नसे. अशी पोरं पकडण्यात मॅडम पटाईत होत्या. कव्हरच्या घडीवरून ओळखायच्या.

मग एका वर्षी मॅडमचा डावा पाय कमरेपासून खाली, त्यांच्याच शब्दांत, 'दुसऱ्या कुणाचा तरी' झाला. चप्पल निसटून मागं राहिली तरी कळायचं नाही. ह्या वेळी रशीदभाईंनी ऐकलं नाही, थेट नांदेडला नसांच्या डॉक्टरांकडं नेलं. मेंदूचा फोटो काढला, जुनी डोळ्याची हकीगत विचारली, आणि भूकंपाच्या धसक्याला खरं नाव मिळालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तो मला शेंगदाणे खात खात शिकवला. "वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं नसेवर आवरण असतं. शरीराच्या रक्षणाला जी पोरं ठेवलीत तीच उठून ते आवरण खाऊन राहिलीत. आपल्याच गल्लीतली पोरं, आपल्याच घरावर दगड." मी विचारलं, "मग आता?" त्या म्हणाल्या, "वायरमन लावलाय." नांदेडच्या डॉक्टरांचं नाव त्या दिवशी पडलं. त्यांनी दिवसाआड इंजेक्शन दिलं होतं. घड्याळातला केसाएवढा काटा बसवणाऱ्या रशीदभाईंना ते टोचायला शिकायला आठवडा लागला.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मुठी वळायच्या नाहीत, खडू धरला की डोळ्यांत पाणी. हा संधिवातच, पण म्हातारपणाचा नव्हे. गल्लीतल्या त्याच पोरांनी आता दुसरं घर धरलं होतं. हैदराबादचे सांध्यांचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा लातूरला यायचे. त्यांच्याकडं जायचं ठरलं. बिजागऱ्या बघणारा माणूस म्हणून तो 'सुतार'.

जायच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, "ओ करंट, सुताराला वायरमनचं सांगू का?"

आणि मी सांगितलं, "कशाला? डॉक्टर म्हणजे तरी कोण, क्लासवालेच. दुसरीकडं जातो म्हटलं की लक्ष काढून घेतात."

जन्मभर मेडिकल कौन्सिलमध्ये बसल्यासारखा मी हे बोललो. मॅडमना ते लगेच पटलं. बायॉलॉजी शिकवणारी बाई, दोन्ही आजारांचं मूळ एक हे तोंडपाठ असलेली. पण वीस वर्षं लातुरात राहिल्यावर माणसाचं डोकं क्लाससारखंच चालतं. नांदेडची फाईल 'वनस्पतिशास्त्र' लिहिलेल्या कव्हरात गेली आणि कपाटात पडली. सुताराच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर 'इतर काही आजार?' ह्या प्रश्नापुढं मॅडमनी सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलं. दिवसाआडच्या इंजेक्शनाबद्दलही बोलल्या नाहीत. नांदेडला गेल्या की सुजलेली बोटं पदराखाली.

सुताराच्या गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा त्यानं नवीन इंजेक्शन काढलं. दीड महिन्यात बोटं उघडली. खरंच उघडली, मी पाहिलीत. त्या दिवशी मॅडमनी स्टाफरूममधल्या सगळ्यांचे डबे स्वतःच्या हातानं उघडले. मालकांची लोणच्याची घट्ट बरणीसुद्धा. फळ्यावर अशी अक्षरं काढली की पुसायला कुणी धजेना. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमची अक्कल कधी नव्हे ती कामाला आली." मी आठवडाभर ताठ मानेनं फिरलो.

साडेतीन महिन्यांनी मॅडम फळ्यावर हृदयाची आकृती काढत होत्या. एक काढली, आणि तिच्या शेजारी अर्ध्यावर सरकलेली दुसरी. पोरांना वाटलं, तुलना असेल. पण मॅडमना फळेच दोन दिसत होते. डावा पाय दुमडला आणि त्या व्यासपीठावर खाली बसल्या. बसल्या बसल्या झडपांची नावं पूर्ण सांगितली आणि म्हणाल्या, "उरलेलं हृदय घरी काढा." मग मला बोलवायला माणूस पाठवला. मालकांच्या गाडीतून मी आणि रशीदभाईंनी त्यांना नांदेडला नेलं.

वायरमननं नवा फोटो उजेडावर धरला. जुन्या डागांशेजारी नवे डाग होते, आणि पुष्कळ होते. त्यानं विचारलं, "मधल्या काळात नवीन काही औषध सुरू केलं का?" रशीदभाईंनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिलो. मग माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, चूक माझी हाय," आणि फॉर्मवरच्या 'नाही'पासून सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे सांगितलं, "ते इंजेक्शन सांध्यांना फार चांगलं. पण नसांचा हा आजार असलेल्यांना ते देत नाहीत. त्यानं हा आजार भडकू शकतो. त्या डॉक्टरांना ठाऊक असतं तर त्यांनी ते लिहिलंच नसतं." मला लाज वाटली. अजून वाटते. पुढं मॅडमनी मला हजार गोष्टींवरून टोमणे मारले, पण ह्या एका गोष्टीवरून आयुष्यात एकदाही नाही. तोच टोमणा मला जास्त लागला.

इंजेक्शन बंद झालं. पाच दिवस स्टेरॉइडचं सलाईन चढलं. दोन फळ्यांचा पुन्हा एक फळा झाला, पाय मात्र निम्माच परतला. हातात काठी आली. आणि थोड्याच आठवड्यांत बोटं पुन्हा मिटली. आता दोन डॉक्टरांमध्ये चिठ्ठ्या सुरू झाल्या. रशीदभाई एसटीनं नांदेडची चिठ्ठी लातूरला न्यायचे, महिन्यानं लातूरची नांदेडला. सुतार लिहायचा, सांधे वाचवायचे तर जोरदार औषध लागेल. वायरमन लिहायचा, नसांना झेपेल असंच द्या. दोघंही 'आपण योग्य तो निर्णय घ्यावा' असं लिहून सही करायचे. म्हणजे बोटं वाचवू की पाय, हे ठरवायचं रशीदभाईंच्या बॅगेनं.

मॅडमनी एक दिवस दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "हा काय पेपर काढलाय? पर्याय अ, बोटं. पर्याय ब, पाय. अन्‌ क, ड कुठं गेले? पालकसभा घ्यावी लागती."

मला वाटलं, चेष्टा. कच्च्या पोरांच्या आईबापांना बोलावून समोरासमोर बसवायची आमच्याकडं पद्धत होती, आणि मॅडमच्या सभेला पालक घाम पुसत यायचे. पण बाईंनी खरंच सभा लावली. सुतार एका रविवारी नांदेडला कुठल्याशा कार्यक्रमाला येणार होता, ते शोधून काढलं. वायरमनला कळवलं की दुपारी दवाखाना सुटल्यावर थांबा. वनस्पतिशास्त्राचं कव्हर फाडलं आणि दोन फायली एकाच दोऱ्यात बांधल्या.

दोघं मोठे डॉक्टर समोरासमोर आले आणि 'आपलं नाव खूप ऐकलंय' असं सुरू झालं. मॅडमनी काठी फरशीवर आपटली. "बसा. विद्यार्थी एक हाय, पालक दोन, अन्‌ दोघांची आत्ता ओळख होऊन राहिली. म्हणजे पोरगं का नापास झालं ते कळलं. चूक आधी माझी. मी फॉर्मवर खोटं लिहिलं. आता तुमची सांगते. चिठ्ठीत दोघंही आदर लिहिता, उत्तर कुणीच लिहीत न्हाई."

सुतार चपापला. मग हसू दाबत म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरं लिहिलं असतंत तर..."

"तर मी आज काठी आपटली नसती. मान्य. पुढं चला."

मग त्यांनी एकेका औषधाचं नाव घ्यायचं आणि दोघांनी आळीपाळीनं सांगायचं: तुमच्या औषधानं ह्यांच्या आजाराला काय होईल? पहिली पाच मिनिटं दोघं अवघडले. नंतर मॅडमना विसरून आपसांतच तावातावानं बोलायला लागले, एकमेकांचं वाक्य तोडून. मॅडम खुर्चीत मागं रेलून, वर्ग रंगात आल्यावर बसायच्या तशा बसल्या होत्या. तासाभरानं पर्याय क निघाला. एक औषध होतं, सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून द्यायचं. सांध्यांसाठी ते नेहमीचं. नसांच्या ह्या आजारालाही डॉक्टर ते वापरायचे, पण त्यासाठी म्हणून त्याला रीतसर मंजुरी नव्हती. धोका एक होता. गल्लीतली ती दंगेखोर पोरं आवरायची म्हणजे पहारा कमी होणार, आणि बाहेरचा जंतू सहज आत येणार. आधी क्षयाची, काविळीची तपासणी, मग लसी, मग सलाईन. रशीदभाई सगळं लिहून घेत होते. निघताना वायरमननं सुताराचा मोबाईल नंबर घेतला. ते पाहून मॅडम म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी केलं असतं तर आमच्या एक डोळ्याची एसटी वाचली असती."

त्या औषधानं मॅडमना पुष्कळ वर्षं दिली. बोटं पूर्ण नाही, पण कामापुरती उघडली. पाय आणखी बिघडला नाही. मालकांनी उंच स्टूल करून दिलं. त्यावर बसून त्या पोरांना स्वतःच्याच आजारावर पाठ द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "हा प्रश्न आला अन्‌ चुकला, तर तोंड दाखवू नका. जिवंत उदाहरण समोर बसवलंय." प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'आणखी कोणत्या क्लासला जाता?' हा रकाना त्यांनी भांडून घालायला लावला, आणि खरं लिहिणाऱ्या पोराला कुणी त्रास द्यायचा नाही असं मालकांकडून कबूल करून घेतलं. पहिल्या वर्षी कुणीच खरं लिहिलं नाही. तिसऱ्या वर्षापासून लिहायला लागले.

मग पहारा कमी असल्याचा हिशेब निघालाच. एका हिवाळ्यात न्यूमोनिया, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. दुसऱ्या वेळी त्या कशाबशा परतल्या. सलाईन थांबवावं लागलं. तोवर नसांचा आजारही वयात आला होता. अचानक उसळून ओसरणं बंद होऊन पाय रोज थोडे थोडे जात होते. वायरमन आणि सुतार आता एकाच फोनवर बोलायचे. दोघांनी मिळून सांगितलं, पायांसाठी जे उरलंय त्याचा फारसा उपयोग होणार नाही, आणि ते सांध्यांच्या गोळ्यांबरोबर दिलं तर पुन्हा न्यूमोनिया. एकच काहीतरी घ्यावं लागेल. ह्या वेळी पर्याय खरोखरच दोन होते. मॅडमनी सभा घेतली नाही. म्हणाल्या, "गोळ्या बोटांच्या द्या. चालायला ह्यांचे पाय हायेत. हात मला कुणाचे चालायचे न्हाईत."

पुढच्या पावसाळ्याआधी मॅडम गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते संक्रांतीच्या सुमारास, लोह्याला माझ्या शेतावर, हुरड्याला. रशीदभाई, मी आणि माझा भाऊ, तिघांनी खुर्चीसकट उचलून बांधावरून आत आणलं. आगटीत कणसं भाजून होत होती आणि भाऊ हातावर चोळून, फुंकर मारून सगळ्यांना हुरडा देत होता. मॅडमसमोरही वाटी ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली आणि म्हणाल्या, "कणीस द्या." मी म्हणालो, "मॅडम, चटका बसंल." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी निमूट कणीस दिलं.

त्यांनी ते दोन्ही तळहातांत धरलं. बोटं वाकडी, गाठी आलेली, अंगठा जागेवर नाही. चोळायला लागल्या. पुष्कळ वेळ गेला. कपाळावर घाम आला, कोंडा मांडीवर पडत राहिला, निम्मे दाणे खाली सांडले. मग त्यांनी फुंकर मारली आणि तळहात रशीदभाईंसमोर धरला. त्यावर मूठभरसुद्धा हुरडा नव्हता, दहा-बारा हिरवे दाणे असतील. रशीदभाईंनी ते एकदम तोंडात टाकले नाहीत. एकेक उचलून खाल्ला, शेवटपर्यंत. मी आगटीचा धूर डोळ्यांत गेल्याचं नाटक केलं नाही. सरळ रडलो.

मॅडमनी हात पदराला पुसले आणि दुसरं कणीस मागितलं.